अप्पांनी चोळलेला हुरडा

मार्गशीर्ष अर्धा सरला तरी उमरीत म्हणावी तशी थंडी नव्हती. मग गेल्या आठवड्यात एका सकाळी अंगणातल्या बादलीचं पाणी हाताला झोंबलं आणि स्टेशनकडे जाणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून चालताना दिसली. रुळांच्या पलीकडची ज्वारी आता डोक्याच्या वर गेली आहे. कणसं भरत आली आहेत. सकाळी त्यांच्यावर दहिवर असतं, ऊन चढलं की ते उडून जातं आणि मग पानांची कोरडी सळसळ सुरू होते. या दिवसांत त्या रानाला एक वास येतो. हिरवा, दुधाळ, किंचित गोड. लहानपणी शेतात वाढलेल्या माणसाला तो वास डोळे मिटूनही ओळखता येतो.

थंडी पडली त्याच दुपारी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी हुरड्याला जायचं, येताना प्रत्येकानं काहीतरी आणायचं. कुणी शेंगदाण्याची चटणी लिहिली, कुणी दही, कुणी गूळ. मी काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी निघताना शेजारच्या टेबलावरची रेखा म्हणाली, "ताई, तुम्ही दरवर्षी काहीतरी कारण काढता. हुरडा आवडत नाही का तुम्हाला?"

"आवडतो," मी म्हटलं. ते खरंच आहे.

पण कणसं दुधात आली की मला लातूरचा एक हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्यातले माझे वडील.

आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. नाव महादप्पा. जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातले, चांगली जमीन असलेल्या घरातले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या पाठीवर एक फिका चट्टा उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढं हाताला मुंग्या येऊ लागल्या, आणि मग त्या मुंग्याही थांबल्या. एकदा त्यांनी चुलीवरचं भगुणं उघड्या हातांनी उतरवलं आणि तसंच धरून बोलत उभे राहिले. अव्वा, म्हणजे माझी आई, धावत गेली तेव्हा कुठं त्यांनी खाली हातांकडं बघितलं. कुष्ठरोग होता. गावाकडं त्याचं नाव घेत नसत, मोठा रोग म्हणत. औषधं सुरू झाली, रोग पुरता बरा झाला. पण उशीर झाला होता. डाव्या हाताची बोटं आत मुडपली ती मुडपलीच. उजव्या हाताची दोन बोटं जखमा होऊन होऊन झिजली, आखूड झाली.

भावांनी भांडण केलं नाही. आधी ताट वेगळं झालं, मग तांब्या वेगळा झाला, मग अंथरूण गोठ्याशेजारी गेलं. डॉक्टरांनी घरी येऊन सांगितलं, आता यांच्यापासून कुणाला काही होत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. ताट वेगळंच राहिलं. एके दिवशी अप्पा अव्वाला म्हणाले, "आपल्याच घरात पाव्हन्यावानी जगायलोत आपण," आणि आम्ही लातूरला आलो.

लातूरला ज्या संस्थेत त्यांच्यावर उपचार झाले, तिनंच त्यांना कामावर घेतलं. संस्था कुष्ठरुग्णांसाठी काम करणारी. औसा भागातली खेडी अप्पांकडं होती. बसनं जायचे, पारावर बसायचे, आणि माणसं जमली की आपले दोन्ही हात पुढं धरायचे. "हे बगा. मी म्हनलो, चट्टा हाय, जाईल आपोआप. डाक्टरकडं गेलो न्हाई. हे असं झालं. तुमी उशीर करू नका." डॉक्टरांना तपासायला पाठ न दाखवणाऱ्या बायका अप्पांना सांगायच्या, "दादा, मलाबी हाय एक चट्टा." त्यांच्यामुळं किती जणांचे हात वाचले असतील, कुणास ठाऊक. अप्पांना ते कधी मोजावंसं वाटलं नाही.

ते कुठंही गेले की 'माझी संस्था' म्हणायचे. गाव म्हणायचे नाहीत, घर म्हणायचे नाहीत. माझी संस्था.

बी. ए. झाल्यावर मी संगणक शिकले आणि मलाही तिथंच काम मिळालं, अहवाल टाइप करायचं. पहिल्या दिवशी सकाळी अप्पांनी स्वतःचा सदरा दोनदा झटकला. रिक्षात मला म्हणाले, "नंदे, आता आपण दोघंबी स्टाफ."

मी आत गेल्यावर हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. ऑफिसात बाकी सगळे सर, मॅडम, ताई होते. अप्पा मामा होते. प्रेमानं म्हणतो, असं सगळे सांगत, आणि ते खोटं नव्हतं. पण बैठक कशाची आहे हे मामांना कुणी सांगत नसे. बैठक संपली की मात्र मामांना हाक येई, खुर्च्या आवरायला. चहा सगळ्यांना चिनी मातीच्या कपात, अप्पांना स्टीलच्या पेल्यात. मी विचारलं तर म्हणाले, "कपाचा कान माझ्या बोटात बसत न्हाई गं." ते खरंच होतं. मोठ्या कानाचा एखादा कप कुणी आणला नाही, हेही खरंच होतं.

त्याच हिवाळ्यात दारापाशी हजेरीचं मशीन बसलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागायचा. अप्पांच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीन रोज त्यांना म्हणायचं, 'प्लीज ट्राय अगेन.' क्लार्क म्हणाला, "मामा, तुमचं राहू द्या, तुमची सही मी वहीत घेतो." तरी ते रोज सकाळी रांगेत उभे राहायचे, अंगठा ठेवायचे, तो बाईचा आवाज ऐकायचे आणि हसून बाजूला व्हायचे. "बाई लई नेटानं बोलती, पर वळखत न्हाई," म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे.

आणि मग ते प्रशिक्षण आलं. ज्यांच्याकडून संस्थेला मदत येत होती त्यांनी कळवलं होतं की सगळ्या संस्थांनी आपापल्या घरात डोकावून बघावं. समता आहे का, सगळ्यांना सामावून घेतलं जातं का, प्रत्येकाला इथं आपलेपणा वाटतो का. हे काम वैशालीताईंकडं आलं. त्या आमच्या कार्यक्रम अधिकारी. कामाला वाघ, मनानं फार चांगल्या. त्यांनी रात्रंदिवस खपून सगळं तयार केलं. हॉलमध्ये भिंतीवर मोठा कागद लावला, त्यावर एक वर्तुळ काढलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक टिकली दिली. हे वर्तुळ म्हणजे आपली संस्था, म्हणाल्या. आपण स्वतःला कुठं बघतो तिथं टिकली लावा.

लोक उठून लावू लागले. कुणी आत, कुणी जरा कडेला. शिपायानं रेषेवर लावली आणि लाजून खाली बसला. अप्पांना टिकली कागदावरून सुटेना. मी सोडवून दिली. ते उठले, पुढं गेले, वर्तुळाकडं थोडा वेळ बघितलं आणि टिकली बरोबर मधोमध लावली.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. वैशालीताईंचे डोळे भरून आले. "मामा, तुम्हाला इथं आपलेपणा वाटतो?" त्यांनी विचारलं.

"हाव," अप्पा म्हणाले. "लई."

मी माझी टिकली कुठं लावली ते मला आता आठवत नाही.

प्रशिक्षणाचा शेवट हुरड्यानं करायचं ठरलं होतं. औसा रस्त्याला सरांचं शेत होतं. सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. कमी बोलणारे, साधे. अप्पांना त्यांनीच कामावर घेतलं होतं. रविवारी सकाळी आम्ही संस्थेच्या जीपमधून निघालो. जीपच्या दारावर रंगानं लिहिलं होतं, स्पर्शाला घाबरू नका. अप्पांनी त्या दिवशी पँट न घालता धोतर नेसलं होतं. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. गाव सुटल्यापासून ते उभ्या ज्वारीत शिरले नव्हते, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

जीप थांबली तसे ते सरळ रानात गेले. एक कणीस मोडलं, दाणा दाताखाली धरला आणि तिथंच उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "गुळभेंडी ज्वारी हाय. आपल्या वरच्या रानात हीच असायची." आवाज बदललेला होता.

सरांच्या गड्यानं, नामदेवनं, खड्डा करून गोवऱ्या पेटवून आगटी तयार ठेवली होती. अप्पा सरांना म्हणाले, "सर, माणसं लई हायत. मी दुसरी लावू?"

"लावा की मामा," सर म्हणाले. "तुम्ही शेतकरी माणूस."

इतक्या वर्षांत त्यांना कुणी शेतकरी म्हटलं नव्हतं. अप्पांनी खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, फुंकर घालून निखारा फुलवला आणि कणसं एकेक करून आरात खुपसली. हिरवट धूर निघाला, मग तो खमंग वास. मी म्हटलं, "अप्पा, हात सांभाळा." ते म्हणाले, "चिमटा हाय की." चिमटा त्यांच्या बोटांत टिकेना. थोड्या वेळानं तो बाजूला पडलेला दिसला आणि अप्पा हातानंच कणसं ओढत होते. ज्या माणसानं गावोगाव शिकवलं होतं की बधिर हात विस्तवापासून जपा, रोज तळहात उलटसुलट करून बघा, तो माणूस त्या दुपारी सगळं विसरला होता. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं.

हुरडा तळहातांवर चोळतात, फुंकून पाचोळा उडवतात आणि गरम दाणे समोरच्याच्या तळव्यात ओततात. त्यात चमचा नाही, वाटी नाही. या हातातून त्या हातात. अप्पांच्या मुडपलेल्या बोटांची आपोआप ओंजळ व्हायची. त्यांनी पहिला घास चोळला, फुंकला आणि समोर बसलेल्या वैशालीताईंपुढं धरला. "घ्या ताई. गरम हाय तवर गोड लागतो."

ताईंचा हात पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. अगदी क्षणभर. मग त्यांनी कागदाची प्लेट उचलून पुढं केली. "यात घाला ना मामा. भाजेल."

अप्पांनी प्लेटमध्ये घातलं. ताईंनी ती प्लेट सतरंजीच्या कडेला ठेवली, थोड्या वेळानं उठल्या आणि नामदेवच्या आगटीशी जाऊन बसल्या. तिथं त्या तळव्यातच घेत होत्या, या हातातून त्या हातात खेळवत, फुंकर मारत. मग क्लार्क तिकडं गेला, मग डॉक्टर, मग ड्रायव्हर. कुणी तोंड वाकडं केलं नाही. कुणी वावगा शब्द बोललं नाही. गाण्यांच्या भेंड्या चालू होत्या, हसणं चालू होतं, उताराला पाणी वळावं तशी माणसं दुसऱ्या आगटीकडं वळत होती. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं. सगळे शिकलेले, सगळे जाणकार. बऱ्या झालेल्या माणसाच्या हातातून काही होत नाही, हे जिल्हाभर तेच सांगत फिरत होते. त्यांचं सांगणं अहवालात मीच टाइप करत होते.

अप्पा चोळत राहिले. प्लेटा भरल्या, मग परात पुढं ओढली. "घ्या की," मधूनच म्हणायचे, कुणाकडं न बघता. मी त्यांच्यासमोर बसून खात होते. चटणीबरोबर खाल्ला, गुळाबरोबर खाल्ला, मग नुसताच खाल्ला. पोट भरल्यावरही खात राहिले. तो हुरडा फार गोड होता.

उन्हं कलली तशी आवराआवर सुरू झाली. नामदेवनं अप्पांची परात उचलली आणि विचारलं, "याचं काय करायचं?" कुणीतरी मागूनच म्हणालं, "बैलांना टाका." त्यानं नेऊन गव्हाणीत ओतली. अप्पा नळावर हात धूत होते. तिथून गव्हाण समोर दिसत होती. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जनावरानं खाल्लं. वाया न्हाई गेलं."

मग ते दस्तीनं हात पुसायला लागले आणि मला दिसलं. तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. बोटांच्या पेरांवर मोठे फोड आले होते, एक फुटलेलाही होता.

"अप्पा, हात."

त्यांनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसं.

मग सगळे धावले. सरांनी स्वतः जीप काढली. वैशालीताई अप्पांना टेकून बसल्या, त्यांचं मनगट धरून रस्ताभर रडत होत्या. ते रडणं खरं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. डॉक्टरांनी रविवारचा दवाखाना उघडून पट्ट्या बांधल्या. हात भाजल्यावर त्या हातांना हात लावायला सगळे होते.

घरी अव्वानं पट्ट्या बघितल्या आणि त्यांच्या पाठीशी उशी ठेवली. मग विचारलं, "कसा झाला हुरडा?"

"लई चांगला," अप्पा म्हणाले. "समद्यांनी पोटभर खाल्ला."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी पाणी आणायला आत गेले. पुढं कितीतरी दिवस ती त्यांना आपल्या हातानं भरवत होती. भाकरी कुस्करायची, कालवायची, घास करायची. तिच्या घासाला ते लहान मुलासारखे तोंड उघडायचे आणि बाहेरच्या दाराकडं बघत चावायचे.

सोमवारी प्रशिक्षणाचा आढावा होता. एकेकानं उठून सांगितलं, खूप जवळीक वाढली, आपण एक कुटुंब आहोत हे जाणवलं. माझी पाळी आली तेव्हा मी उठले आणि जे दिसलं ते सांगितलं. प्लेट, दुसरी आगटी, गव्हाण. कुणाचं नाव घेतलं नाही.

सर हळू म्हणाले, "महानंदा, मुद्दाम कुणी केलं नसेल."

"नसेलच सर," मी म्हटलं. "मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

वळले तर दारात अप्पा उभे होते. दोन्ही हात पट्ट्यांत. खुर्च्या आवरायला आले होते.

घरी चहा झाला, अव्वानं पेला अप्पांच्या ओठाला लावला, आणि मग ते म्हणाले, "तुला काय गरज व्हती?"

"अप्पा, त्यांनी तुमच्या हातचं खाल्लं नाही."

"मला दिसलं न्हाई व्हय? हात गेलेत माझे. डोळे न्हाई गेले."

"मग गप्प का बसलात?"

अप्पांनी पट्ट्यांतले हात मांडीवर घेतले. "गावाकडं मला दिसलं, मी निघून आलो. इथंबी दिसलं म्हनलं की निघावं लागतंय, नंदे. आता कुठं जाऊ?"

मी बोलले ते चुकलं असं मला वाटत नाही. पण ज्या जागेला ते आपलं म्हणत होते ती जागा, त्यांनी एका डोळ्यानं बघून आणि एक डोळा मिटून, इतकी वर्षं उभी ठेवली होती. तिच्या पडत्या बाजूला त्यांनीच टेकू दिला होता. हे कुठल्या प्रशिक्षणात येत नाही. आपलेपणा ही संस्थेनं माणसाला द्यायची गोष्ट, असं आम्ही कागदावर लिहितो. अप्पांच्या बाबतीत देणारे अप्पाच होते.

संक्रांतीपर्यंत हात बरेचसे भरले. वैशालीताई मधल्या काळात फार अस्वस्थ होत्या. घरी येऊन अव्वाच्या हातचा चहा पिऊन गेल्या, अप्पांच्या पायाजवळ बसल्या. त्यांना काहीतरी करायचं होतं. त्यांनी ठरवलं, यंदा ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ मामांच्या हातून. मला त्यांनी आधी विचारलं. मी म्हटलं, अप्पांना विचारा. अप्पा म्हणाले, "देतो की ताई. सणाचं न्हाई कशाला म्हनू?"

हॉलमध्ये अप्पांना खुर्चीवर बसवलं, हार घातला. डब्यातला एकेक लाडू ते तळव्यावर घ्यायचे, समोरचा माणूस तो उचलून तिथंच तोंडात टाकायचा. रांग लागली होती. फोटो काढणारा आला होता. "मामा, जरा इकडं बघा. हात थोडा वर घ्या." अप्पा हात वर घ्यायचे. सगळ्यांनी खाल्लं. क्लार्कनं डोळे मिटून गिळलं, पण खाल्लं. माझी पाळी आली तेव्हा अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. सरांनी शेवटचा लाडू घेतला, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर अप्पा म्हणाले, "आता मला कोन देतंय?"

ते हसत म्हणाले होते. वैशालीताईंनी डब्यात बघितलं. डबा रिकामा होता. त्या स्वयंपाकघराकडं धावल्या, दुसरा डबा शोधू लागल्या. कुणी टेबलाचे खण उघडले, कुणी शिपायाला दुकानात पिटाळलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," अप्पा म्हणाले. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

रिक्षातून उतरताना मला म्हणाले, "उद्यापासून तू एकटी जात जा."

ते खरंच गेले नाहीत. फाल्गुनात सर स्वतः घरी आले. अव्वानं चटई टाकली, चहा ठेवला. सर म्हणाले, "मामा, संस्था तुमचीच आहे. आमचं चुकलं असेल तर सांगा, पण परत या."

"तुमचं कायबी चुकलं न्हाई सर," अप्पा म्हणाले. "तुमी मला उभं केलं. मी तिथं पेशंट व्हतो. मला वाटलं, मी स्टाफ हाय. माझीच गल्लत झाली."

सरांनी चहाचा कप हातात तसाच धरून ठेवला. निघताना त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला. अप्पा मागं सरकले, त्यांना ते आवडलं नाही.

काही महिन्यांनी मीही ते काम सोडलं. नांदेडला थोडे दिवस राहिले, मग उमरीला या संस्थेत आले. इथंही तेच शब्द आहेत, समता, समावेशन, आपलेपणा. मी ते टाइप करते. वाईट शब्द नाहीत ते. वैशालीताईंनी ज्या पोटतिडकीनं ते फळ्यावर लिहिले होते, ती मला आठवते. बैठकीत एखादा माणूस दाराशी बसलेला दिसला की मी त्याला आत बोलावते, आणि बोलावताना माझा आवाज मलाच तपासावासा वाटतो. आपण त्याला बोलावतोय, की आपण बोलावतोय हे इतरांना दाखवतोय. कधी कळतं, कधी नाही.

अप्पांची शेवटची वर्षं घराच्या ओट्यावर गेली. खेड्यांतली माणसं विचारत विचारत यायची, बाह्या सरकवून चट्टे दाखवायची, आणि अप्पा त्यांना त्याच संस्थेत पाठवायचे. "चांगले लोक हायत. औषध नीट देतेत," म्हणायचे. माझी संस्था म्हणणं मात्र बंद झालं होतं. मी सुट्टीला गेले की शेजारी बसायचे. एकदा थंडीत कुणाच्या तरी घरून ताटलीत हुरडा आला. अप्पांनी ताटली माझ्याकडं सरकवली आणि उठून आत गेले.

दोन वर्षांमागं भादव्यात ते गेले. झोपेतच.

आम्हा लिंगायतांत दहन नसतं. माणसाला बसवून माती देतात. सकाळी पाऊस पडून गेला होता, खड्ड्याच्या कडा ओल्या होत्या. जळकोटहून चुलते आले होते. संस्थेची जीप आली. सर उतरले, वैशालीताई उतरल्या, डॉक्टर, क्लार्क, सगळे. ते लांब लिंबाखाली थांबले. विधी करायला आलेले स्वामी वृद्ध होते. त्यांनी अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आणि डावा तळवा उघडायला गेले. मुडपलेली बोटं हातानं चाचपली, हलकेच लिंग आत ठेवलं आणि सोबतच्या माणसानं पुढं केलेली कापडाची पट्टी परत केली. "बांधायची गरज न्हाई," म्हणाले. "यांनी धरलंय."

मग घरच्यांनी एकेक मूठ माती टाकायची होती. अव्वानं टाकली, मी टाकली. चुलत्यांनी टाकली. लिंबाखालची माणसं हललीच नाहीत. आपण पुढं यायचं की नाही, आपला तो अधिकार आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. सर नुसते हात बांधून उभे होते.

अव्वानं मागं वळून बघितलं. "सर, या म्होरं," ती म्हणाली. "ताई, तुमीबी या. तुमच्या मुठी ऱ्हायल्यात."

सरांनी चपला काढल्या. खाली वाकून त्यांनी ओली माती मुठीत उचलली. खड्ड्याच्या कडेशी दाटी झाली होती. अव्वा बाजूला सरकली आणि तिनं त्यांना जागा करून दिली.